बगळ्यांकडचा अंगद

"आता तरी सांग, बगळ्यांचा नंबर कधी?" अंगद खरमाटेच्या आईने तिसऱ्यांदा विचारलं.

"एकेचाळिसावा, आई. अजून वेळ आहे."

"आणि एवढे हुशार लोक, पण जो संघ सगळ्यात वाईट खेळला त्यालाच आधी निवडू देतात?"

"हो."

"आपल्याकडं असं केलं असतं तर सगळ्यांनी मुद्दाम हरायचं धरलं असतं," ती म्हणाली आणि टीव्हीकडे संशयाने बघत राहिली.

ही गोष्ट २०४१ सालच्या एप्रिलची. आई धाराशिवहून खास खेळाडूंच्या निवडीच्या या तीन दिवसांसाठी अमेरिकेत आली होती. अमेरिकन फुटबॉलमधलं, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या त्या खेळातलं, तिला ओ की ठो कळत नव्हतं. हेरन्स नावाच्या संघाच्या शिरटोपावर लांब मानेचा पक्षी होता. हा कोण, म्हणून तिने विचारलं, अंगदने बगळा म्हणून सांगितलं, आणि तेव्हापासून तो संघ घरात बगळेच झाला.

पद्धत तशी सोपी आहे. कॉलेजं संपवून आलेले खेळाडू एका बाजूला, बत्तीस व्यावसायिक संघ दुसऱ्या बाजूला. गेल्या हंगामात तळाला गेलेला संघ पहिला निवडतो, विजेता सर्वांत शेवटी. अशा सात फेऱ्या. तुला कुठे जायचंय असं खेळाडूला कोणी विचारत नाही; ज्याने नाव पुकारलं त्याच्या गावी मुकाट्याने जायचं. प्रत्येक संघाला घड्याळ लावून मोजकी मिनिटं मिळतात. त्यातली खरी मेख अशी, की संघांना आपला क्रमांक दुसऱ्याला देता येतो. आज माझ्या जागी तू निवड, पुढच्या वर्षी तुझ्या जागी मी निवडतो. बाजार समितीत चालतात तसलेच सौदे हे, फक्त इथे माल दोन पायांवर उभा असतो आणि त्याची आई शेजारी बसलेली असते.

अंगदला मात्र कसलीच धाकधूक नव्हती. बगळे आपल्याला घेणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नचीदादाने तसं सांगितलं होतं, आणि नचीदादाने सांगितल्यावर विषय संपला.

नचिकेत उंबरे म्हणजे धाराशिवच्या शिवशक्ती मंडळाचा एके काळचा कप्तान. अंगद अकरा वर्षांचा असताना खो-खोच्या मैदानावर त्याला पहिली हूल शिकवली ती याने. खांदा एकीकडे टाकायचा, पाय दुसरीकडे काढायचा, आणि मारणाऱ्याचा हात हवेत राहिला पाहिजे. त्याच हुलीच्या जोरावर अंगद अमेरिकेतल्या कॉलेजात शिष्यवृत्तीवर पोचला. प्रतिस्पर्ध्यांनी चेंडू लांब लाथाडला की तो झेलायचा आणि अंगावर धावून येणाऱ्या अकरा धिप्पाड गड्यांना चुकवत जमेल तितकं पुढे पळायचं, हे त्याचं काम. खो-खोवाल्याला याहून सोयीचं काम कुठलं सापडणार? नचिकेत त्याच्या आधीच इकडे आलेला. हालचालींच्या शास्त्रात डॉक्टरेट करून बगळ्यांच्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला होता. अंगदच्या पहिल्या हिवाळ्यात तो सहा तास गाडी हाकत आला होता, जाड कोट आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी घेऊन. हे असलं माणूस विसरत नाही.

त्या प्रयोगशाळेत काय चाले, ते समजून घेतल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माणूस उजवीकडे वळतो, तेव्हा त्याचं शरीर ते काम आधीच सुरू करून बसलेलं असतं. पाव सेकंद अगोदर पोटरी आवळते, कंबर किंचित डावीकडे भार टाकते, टाच केसभर फिरते. मालकाला याचा पत्ताही नसतो. ही तयारी प्रत्येकाची वेगळी, हस्ताक्षरासारखी. नचिकेतने कातडीइतका पातळ सूट बनवला होता, त्यात चारेकशे संवेदक. तो घालून खेळाडू दिवसभर जीव तोडून पळाला, की यंत्र त्याच्या स्नायूंची ही सगळी लकब उचलायचं आणि संगणकात त्याचा जुळा उभा करायचं. तसाच पळणारा, तशीच हूल देणारा, आणि कुठल्याही प्रसंगात हा माणूस काय करेल ते आधी करून दाखवणारा. सामन्यांच्या चित्रीकरणातून हे साधत नसे. त्यासाठी माणूस सूटमध्ये यावा लागे, तोही राजीखुशीने.

म्हणून अंगदची एजंट डोना हिने बजावून ठेवलं होतं, "कुणालाही उंची दे, वजन दे, रक्त दे. सूट घालू नकोस. घालायचाच असेल तर त्यांनी तुला निवडल्यानंतर."

मार्चमध्ये बगळ्यांनी त्याला भेटीला बोलावलं. नचिकेतने सूट पुढे केला.

"डोना नको म्हणते," अंगद म्हणाला. "निदान काही लिहून तरी…"

"लिहून?" नचिकेत हसला. "अंगद्या, मंडळात नाव लावताना कागद केला होतास का?"

नव्हता केला. मंडळात कप्तान 'उद्या ये' म्हणाला की पोरगा मंडळाचा झाला. मग तो दुसऱ्या मंडळाकडे जात नाही आणि मंडळ त्याला टाकत नाही. धाराशिवात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अंगदला आपण कागद मागितला याचीच लाज वाटली.

"एकेचाळिसाव्या क्रमांकाला तुझंच नाव आहे," नचिकेत म्हणाला. "उद्याच ये असं समज."

मग अंगदने सूट चढवला. टॅब्लेटवर अकरा पानं आली, ती न वाचता शेवटी 'मान्य' दाबलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पळाला. शेवटी तर कॉलेजच्या एकाही सामन्यात न वापरलेली, मोठ्या लीगसाठी राखून ठेवलेली दुहेरी हूलही त्याने करून दाखवली. नचिकेतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. अंगदने ते कौतुकाचं धरलं, आणि खरं सांगायचं तर ते तेव्हा कौतुकाचंच असावं. डोनाला त्याने यातलं काही सांगितलं नाही.

तर एकेचाळिसावा क्रमांक आला. घड्याळ सुरू झालं. आईने पदर सावरला. दोन मिनिटं गेली आणि पडद्यावर वेगळंच काही झळकलं. हेरन्सनी आपला क्रमांक क्वारीमेनना दिला होता. बदल्यात पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला क्रमांक. क्वारीमेन म्हणजे त्यांचे शेजारी, हाडवैरी; वर्षातून दोनदा एकमेकांशी भिडणारे. मिनिटभरात त्यांचा माणूस मंचावर आला आणि त्याने कागदावरून अडखळत वाचलं, "अंगद खरमाटे."

आईला एवढंच कळलं की पोराचं नाव पुकारलं. तिने त्याला पोटाशी धरलं, तिथल्या तिथे रडली, धाराशिवला तीन फोन लावले.

"बगळ्यांनीच घेतलं ना?"

"नाही आई. दुसऱ्यांनी."

"मग नचिकेतला केवढं वाईट वाटलं असेल," ती म्हणाली.

अंगदलाही तेच वाटलं. बिचाऱ्याच्या हातातोंडाशी आलेलं वरच्यांनी पळवलं असणार. त्याने फोन लावला, तो उचलला गेला नाही. थोड्या वेळाने संदेश आला. 'अभिनंदन. दादाच्या वाटचे पेढे ठेव.'

डोना तेवढी खूश नव्हती. "फोन क्वारीमेननी केला नव्हता," ती म्हणाली. "मी आत्ताच विचारलं. हेरन्सनीच त्यांना फोन करून सुचवलं, की पोरगा हवा असेल तर आमची जागा घ्या. हातातला खेळाडू स्वतःहून शत्रूला कोण देतं, अंगद?" आणि मग, "तू तो सूट घातला नव्हतास ना?"

अंगद पडद्याकडे बघत राहिला. डोनाने डोळे मिटले.

हंगाम सुरू झाला. पहिल्या पाच सामन्यांत अंगदने धुमाकूळ घातला. दोनदा तर मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळाला. क्वारीमेनच्या गावात पोरं त्याच्या नावाचा सदरा घालून फिरू लागली. ऑक्टोबरात बगळ्यांशी गाठ पडली आणि सगळं मुसळ केरात गेलं. सहा वेळा त्याने चेंडू झेलला आणि सहाही वेळा बारा यार्डांच्या आत आडवा झाला. तो वळायच्या आधीच तिथे कोणीतरी उभा असे. हूल दिली तर त्या हुलीकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं. दुहेरी हूल काढली, जी जगात कोणी पाहिली नव्हती, तर समोरचा गडी दुसऱ्या वळणावर हात पसरून वाट बघत होता.

त्यानेच अंगदला हात देऊन उठवलं. "मनावर घेऊ नकोस," तो धापा टाकत म्हणाला. "आठवडाभर तो आभासी मैदानाचा चष्मा लावून तुझ्याशीच खेळतोय. नऊशे वेळा पाडलंय तुला. तुझी डावी टाच, मित्रा. आता झोपेतही दिसते मला."

अंगद तिथेच उभा राहिला. पंचाने दोनदा शिट्टी वाजवली तेव्हा भानावर आला.

त्या संध्याकाळी नचिकेतने फोन उचलला. बहुधा त्यालाही हे एकदाचं उरकून टाकायचं असावं.

"तू म्हणाला होतास मला घेणार."

"म्हणालो होतो. तेव्हा खरंच होतं ते."

"मग?"

"मग तुझा जुळा इतका चोख निघाला, की… अंगद्या, तू आमच्याकडे असतास तर वर्षातून सतरा सामने आमच्यासाठी पळाला असतास. पण तुझ्यावर आमचा क्रमांक गेला असता. तू त्यांच्याकडे असलास, तर त्यांचा क्रमांक जातो, वर आम्हाला एक चांगला क्रमांक मिळतो, आणि आमच्याविरुद्ध तू शून्य. आकडे तसे निघाले."

"कोणी काढले आकडे?"

"यंत्राने."

"दादा, कल्पना कोणाची होती?"

"माझी," नचिकेत म्हणाला. "पण तुझं काय वाईट झालं? दुसऱ्या फेरीत गेलास. घरी पत्रे होते, आता स्लॅब पडेल. मी नसतो तर…"

अंगदने फोन ठेवला. तोंडावर कोणी थुंकलं असतं तर पुसून टाकता आलं असतं. ह्या माणसाने त्याचा केसाने गळा कापला होता आणि वर स्लॅबचा हिशेब सांगत होता.

आईला सांगितलं, तर तिने आधी मानलंच नाही. "नचिकेत असं करायचा नाही. तुझं काहीतरी ऐकण्यात चुकलं." अंगदने पुन्हा सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "त्याच्या आईला मी दर दिवाळीला फराळ देते रे."

कायदेशीर काही होण्यासारखं नव्हतं. अकरापैकी सातव्या पानावर लिहिलं होतं, की ही माहिती संघाच्या सरावासाठी वापरता येईल. डोनाने ते वाचून दाखवलं, रागावली नाही. रागावली असती तर अंगदला बरं वाटलं असतं.

मग लकब बदलण्याचा खटाटोप सुरू झाला. टाच फिरू द्यायची नाही म्हणून त्याने पट्टी बांधली, महिनाभर आरशासमोर घाम गाळला. पण शरीराची ही तयारी माणसाच्या हुकमात नसते. तो वळायचं ठरवतो त्याच क्षणी ती सुरू होते, आणि दाबून धरली तर वळणंच मंदावतं. वेग हवा तर टाच फिरणार, टाच रोखली तर वेग जाणार. बगळ्यांची युक्ती बाकीच्यांनीही चित्रीकरण बघून थोडीफार उचलली. सदरे घातलेली पोरं दिसेनाशी झाली. प्रशिक्षकाने स्पष्टच सांगितलं, "डिसेंबरात पुन्हा हेरन्स आहेत. तेव्हाही असंच झालं, तर पुढच्या वर्षी तुझी जागा मी धरून ठेवू शकत नाही."

तोड सापडली ती अंगदला स्वतःलाच, एका दुपारी आंघोळ करताना. टाच कधी फिरते? आपण ठरवल्यावर. मग ठरवायचंच नाही. ठरवायचं दुसऱ्याने. खो-खोत पाटीवर बसलेला गडी कुठे काय ठरवतो? पाठीवर खो बसला की उठतो. स्पर्श आणि पाऊल यांच्यामध्ये शरीराला तयारीचे चोचले करायला वेळच मिळत नाही, त्यामुळे वाचणाऱ्याला वाचायलाही काही उरत नाही. शिवाय चेंडू झेलताना नजर आभाळात असते. समोर रान कुठे मोकळं आहे ते मागे उभ्या असलेल्याला जास्त चांगलं दिसतं.

मागे उभा राहायचा सिओने. टोंगा बेटांवरचा, दाराच्या चौकटीएवढा रुंद, वागायला मऊ. अंगदने त्याला आख्खा खो-खो समजावून सांगितला. सिओनेला ते भलतंच आवडलं. तो डाव्या किंवा उजव्या खांद्यावर थाप मारी आणि वर जोरात "खो" असं ओरडेही, ते खरं तर गरजेचं नव्हतं. तीन आठवडे ते दोघे बंद मैदानात हेच करत राहिले. संघाच्या यंत्राने मोजलं, तर पाव सेकंदाची ती चाहूल जवळजवळ पुसली गेली होती. प्रशिक्षक पहिल्यांदा हसला. ही गोष्ट तिघांपलीकडे कोणालाही माहीत नव्हती.

डिसेंबरातल्या सामन्याच्या दिवशी अंगद अंग मोकळं करत होता. सहज पलीकडे नजर गेली. बगळ्यांच्या बाजूला नचिकेत उभा होता आणि त्याच्याशी सिओने बोलत होता. नचिकेत काहीतरी म्हणाला, सिओने हसला. नचिकेतचा हात त्याच्या दंडावर होता. सिओने दोन वर्षांपूर्वी बगळ्यांकडे खेळायचा, हे अंगदला माहीत होतं. आजवर त्याचं काही वाटलं नव्हतं.

"काय म्हणत होता?" सिओने परतल्यावर त्याने विचारलं.

"काही नाही, असंच," सिओने म्हणाला आणि बुटाची नाडी बांधायला वाकला.

असंच म्हणजे काय, हे विचारायला अंगदची जीभ उचलली नाही.

बगळे चलाख होते. सामनाभर त्यांनी चेंडू अंगदकडे येऊच दिला नाही. शेवटचे दहा सेकंद उरले, क्वारीमेन चार गुणांनी मागे, आणि वाऱ्यामुळे एक किक सरळ त्याच्याकडे आली. चेंडू वर चढला. अंगदने मान वर केली. मागे सिओनेचे बूट करकरले. आता यायचा तो एक हात, डावा नाही तर उजवा, आणि उठायचं.

चेंडू हातात पडला. डाव्या खांद्यावर थाप बसली. "खो."

अंगदने मागे वळून बघितलं.

डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ. सिओनेचं तोंड बघायला, की हा खरं सांगतोय का. तेवढ्यात उजवीकडून दोघे आले आणि अंगद चेंडूसकट जमिनीवर गेला. फक्त चार यार्ड. सामना तिथेच संपला.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत पडद्यावर तो क्षण पुन्हा दाखवला गेला. डावीकडचं सगळं मैदान ओस होतं. तिकडे गेला असता तर त्याला शेवटपर्यंत कोणी शिवलंही नसतं.

"मी बरोबर सांगितलं होतं," सिओने म्हणाला.

"हो."

"मग बघितलंस कशाला?"

अंगद बुटाची नाडी सोडत राहिला. सिओने काही मूर्ख नव्हता. तो हळूहळू खाली बसला. "मघाशी तो माणूस माझ्या गुडघ्याची चौकशी करत होता. दोन वर्षांपूर्वी त्यानेच बरा केला होता. असंच म्हटलं, कारण त्याचं नाव काढलं की तुझा चेहरा पडतो." मग तो उठला, प्रशिक्षकाकडे गेला आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाला, "याच्या मागे उद्यापासून दुसरं कोणी उभं करा." प्रशिक्षक म्हणाला, आता त्याची गरज पडणार नाही.

अंगदने बॅग भरली. बाहेरच्या बोळात नचिकेत भिंतीला टेकून उभा होता, जिंकलेल्या माणसासारखा मात्र दिसत नव्हता.

"तो खो होता ना?" त्याने विचारलं. "मी पलीकडून ओळखला. आम्हाला त्याच्यावर काहीही करता आलं नसतं, अंगद्या. तू उठला असतास तर सामना तुमचा होता."

अंगदने बॅग खांद्यावर टाकली.

"खो मिळाल्यावर मागे बघितलंस तू. अकरा वर्षांचा असतानाही कधी बघितलं नव्हतंस." नचिकेतच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं, आणि त्याचाच अंगदला सगळ्यात जास्त संताप आला. "आमच्याकडचा अंगद असं करत नाही. हजारो वेळा चालवलाय मी त्याला. पाठीवर हात पडला की तो उठतो, एकदाही वळून बघत नाही."

"नाही बघणार," अंगद म्हणाला. "त्याला तू अजून फसवलेलं नाहीस."